प्राचीन पौराणिक शिल्पांची रेखाटने

प्राचीन पौराणिक शिल्पांची रेखाटने म्हणजे ग्रीक व रोमन पुराणकथांवर आधारलेली शिल्पे समोर ठेवून चित्रकारांनी कागदावर केलेली चित्रणे होत. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत यूरोपातील कलाशिक्षणाचा हा मुख्य पाया होता. लेखणी व शाई, काळा आणि लाल खडू, पातळ शाईचा कुंचला ही त्यांची नेहमीची साधने. मूळ शिल्पे बहुतेक संगमरवराची असून त्यांपैकी पुष्कळशी हरवलेल्या ग्रीक कृतींच्या रोमनकालीन प्रती आहेत.

या शिल्पांचे विषय प्रामुख्याने दोन: कामना आणि सत्ता. देवाला मर्त्य स्त्रीची किंवा कुमाराची अभिलाषा होते, देवाची आज्ञा मोडणाऱ्यास शासन होते, बलाढ्य वीर कोणाच्या तरी दास्यात राबतो, किंवा पशुमानव प्रेमदेवतेपुढे हतबल होतो. शिल्पाभोवती फिरून ते सर्व बाजूंनी पाहता येते. रेखाटनात मात्र एकच बाजू उरते. ती बाजू चित्रकार निवडतो. कोठे उभे राहायचे, तुटलेला अवयव तुटलेलाच दाखवायचा की पुरा करायचा, भोवतालची बाग काढायची की गाळायची, या निर्णयांवर कथेतील कोणाची बाजू प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर येणार हे अवलंबून असते. त्यामुळे ही रेखाटने केवळ नकला ठरत नाहीत. ती शिल्पांची सर्वांत जुनी भाष्ये आहेत.

शिल्पांचा शोध आणि मालकी

पंधराव्या व सोळाव्या शतकांत रोममध्ये द्राक्षमळे खणताना, घरांचे पाये घालताना आणि जुन्या स्नानगृहांच्या अवशेषांत मोठ्या प्रमाणावर शिल्पे सापडू लागली. ती पोप, कार्डिनल आणि श्रीमंत घराणी यांच्या संग्रहांत गेली. पोप दुसरा ज्यूलियस (कारकीर्द १५०३–१५१३) याने व्हॅटिकनमधील बेल्व्हेदेरे या वास्तूच्या प्रांगणात निवडक शिल्पांची मांडणी केली. अपोलो बेल्व्हेदेरे, लाओकोऑन, बेल्व्हेदेरे धड ही पुढे शतकानुशतके चित्रकारांनी रेखाटलेली शिल्पे कालांतराने तेथे एकत्र आली.

शिल्प पाहण्यासाठी मालकाची परवानगी लागे, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. रेखाटनाचा प्रसार झाल्यावर मात्र परवानगीची गरज उरत नसे. आल्प्सपलीकडचा चित्रकार रोमला न जाताही अपोलो ओळखू शके. आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५०४ मधील ‘ॲडम आणि ईव्ह’ या मुद्राचित्रातील ॲडमची ठेवण अपोलो बेल्व्हेदेरेवरून आली असावी, आणि ती ड्यूररला कोणाच्या तरी रेखाटनातूनच कळली असावी, असे मानले जाते.

मालकीचे चित्रण सर्वांत स्पष्टपणे मार्टेन फान हीम्सकर्क (१४९८–१५७४) या डच चित्रकाराच्या रेखाटनांत आढळते. तो १५३२ मध्ये रोमला आला आणि काही वर्षे तेथे राहिला. त्याच्या तेथील रेखाटनांचे दोन संग्रह आज बर्लिनमध्ये आहेत. हीम्सकर्क अनेकदा एकटी मूर्ती न काढता सबंध अंगण काढतो. भिंतीला टेकवलेली धडे, जमिनीवर पडलेली मस्तके, कमानीखाली रचलेले शवपेट्यांचे तुकडे असे सारे त्यात येते. याकोपो गाल्ली याच्या बागेच्या चित्रात अवशेषांच्या मधोमध मायकेलअँजेलोचा मद्यदेव बॅकस उभा आहे. हे शिल्प १४९६–९७ मधील, म्हणजे त्या वेळी जेमतेम चाळीस वर्षांचे होते. पण रेखाटनात त्याचा उजवा हात तुटलेला दिसतो. भोवतालच्या प्राचीन तुकड्यांत तो सहज मिसळून जातो. मद्य आणि उन्माद यांचा देव येथे एका सावकाराच्या बागेतील ऐवज झाला आहे, आणि चित्रकाराने ते कोणतीही टिप्पणी न करता नोंदवले आहे.

लाओकोऑन

१४ जानेवारी १५०६ रोजी रोममधील एस्क्विलाइन टेकडीवरील एका द्राक्षमळ्यात लाओकोऑन आणि त्याचे दोन पुत्र यांना सर्पांनी विळखा घातल्याचे शिल्प सापडले. ते पाहण्यास वास्तुविशारद ज्यूलिआनो दा सांगाल्लो आणि मायकेलअँजेलो गेले होते. बरोबर असलेला ज्यूलिआनोचा लहान मुलगा फ्रांचेस्को याने १५६७ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्या दिवसाची आठवण नोंदवली आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याने वर्णिलेले शिल्प हेच, असे ज्यूलिआनोने पाहताक्षणी ओळखले. प्लिनीने त्याचे श्रेय ऱ्होड्स बेटावरील हागेसांद्रोस, पॉलिदोरोस व अथेनोदोरोस या तिघांना दिले आहे.

लाओकोऑनला शिक्षा का झाली, याविषयी प्राचीन ग्रंथांत दोन परंपरा आहेत. व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या महाकाव्यात ट्रॉयचा हा पुरोहित लाकडी घोड्याविरुद्ध नगरवासीयांना सावध करतो आणि त्यानंतर समुद्रातून आलेले सर्प त्याला व त्याच्या मुलांना मारतात. येथे त्याचा अपराध एवढाच की त्याने खरे सांगितले आणि देवांचा बेत त्याआड आला. व्हर्जिलचा भाष्यकार सर्व्हियस याने नोंदवलेल्या दुसऱ्या परंपरेनुसार त्याने देवमूर्तीसमोर पत्नीशी समागम केला होता, म्हणून ही शिक्षा. एकच शिल्प एका कथेत राजकीय बळीचे आणि दुसऱ्या कथेत कामापराधाचे ठरते. शिल्पात मात्र कारण कोठेही कोरलेले नाही. सर्प आणि शरीरे तेवढी आहेत.

शिल्प सापडले तेव्हा लाओकोऑनचा उजवा हात नव्हता. सुरुवातीच्या रेखाटनांत खांद्यापाशी संपलेले शरीर दिसते. १५३० च्या दशकाच्या आरंभी मायकेलअँजेलोचा सहायक जोव्हान्नी आंजेलो मोंतोर्सोली याने वर ताणलेला हात जोडला. त्यानंतर पावणेचारशे वर्षे चित्रकारांनी साधारणपणे असाच, आकाशाकडे झेपावणारा लाओकोऑन रेखाटला. १९०६ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ लुडविग पोलाक याला रोममधील एका शिल्पकामगाराच्या आवारात कोपरात मुडपलेला संगमरवरी हात सापडला. तो मूळ हात असल्याचे मान्य होऊन १९५७–६० च्या दुरुस्तीत शिल्पास बसवला गेला. ताणलेल्या हाताचा लाओकोऑन अजून झुंजतो आहे. मुडपलेल्या हाताचा लाओकोऑन हरला आहे. एका हाताच्या कोनाने सत्ता कोणाच्या बाजूस आहे हे बदलते. जुन्या रेखाटनांवर विसंबून ‘लाओकोऑनचा वीरोचित प्रतिकार’ वर्णन करणारे अनेक लेखक खरे तर मोंतोर्सोलीच्या हाताचे वर्णन करीत होते.

हे शिल्प १७९८ मध्ये नेपोलियनच्या विजयाची लूट म्हणून पॅरिसला गेले आणि १८१६ मध्ये परत आले.

निद्रिस्त स्त्री: क्लिओपात्रा की आरियाड्नी

१५१२ मध्ये दुसऱ्या ज्यूलियसने एका झोपलेल्या स्त्रीचे भव्य शिल्प विकत घेतले आणि बेल्व्हेदेरेमध्ये त्याचे कारंजे करवले. तिच्या दंडावरील सर्पाकार कड्यामुळे ती क्लिओपात्रा समजली गेली. ज्यूलियस सीझरच्या प्रेयसीचे शिल्प ज्यूलियस हे नाव घेतलेल्या पोपच्या अंगणात असावे, यातील औचित्य समकालीनांच्या नजरेतून सुटले नसावे. जिंकलेल्या राणीचे निश्चल शरीर हा त्या काळी या शिल्पाचा अर्थ होता. बाल्दास्सारे कास्तील्योने याने तर क्लिओपात्राच्या तोंडी घातलेली लॅटिन कविता लिहिली.

पोर्तुगीज चित्रकार फ्रान्सिस्को द ओलांदा १५३८ ते १५४० या काळात इटलीत होता. त्याच्या रेखाटनांचा ग्रंथ स्पेनमधील एस्कोरियाल येथे आहे. त्यात ही मूर्ती कारंज्यासह दाखवली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एन्नियो क्विरिनो व्हिस्कोन्ती याने ही क्लिओपात्रा नसून आरियाड्नी असल्याचे दाखवून दिले. आरियाड्नी ही क्रीटच्या राजाची मुलगी. तिने थीसियसला चक्रव्यूहातून सुटण्यास साहाय्य केले आणि त्याने नाक्सोस बेटावर ती झोपेत असतानाच तिला सोडून दिले. पुढे तेथे बॅकस येतो. नाव बदलताच झोपेचाही अर्थ बदलला. पूर्वी जे मरण होते ते आता जागे होण्यापूर्वीचा क्षण झाले, आणि पराभूत राणीच्या जागी फसवली गेलेली प्रेयसी आली. मूर्तीवर यासाठी छिन्नीचा एकही घाव पडला नाही.

झोपलेल्या शरीराचे चित्रण करताना पाहणारा जागा असतो आणि पाहिले जाणारे माणूस बेसावध असते. ही असमानता ‘निद्रिस्त हर्माफ्रोडाइट’ या शिल्पात अधिक तीव्र होते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी रोममध्ये सापडलेल्या या शिल्पाची एक प्रत कार्डिनल शिपिओने बोर्गेझे याच्या संग्रहात गेली. १६२० च्या सुमारास जान लोरेंझो बेर्नीनी याने तिच्यासाठी संगमरवरी गादी घडवली. आज ती पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. ऑव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या चौथ्या भागात सॅल्मॅसिस ही जलदेवता नकार देणाऱ्या हर्माफ्रोडाइटसला मिठी घालते आणि आपण कधीच विलग होऊ नये अशी देवांकडे याचना करते. ती मान्य होते आणि दोन शरीरांचे एक होते. येथे अभिलाषा स्त्रीची आहे आणि बळजबरीही तिची. शिल्प एका बाजूने पाहिल्यास स्त्री दिसते, दुसऱ्या बाजूने पुरुषाचे इंद्रियही दिसते. प्रेक्षकाला चालत जाऊन हा शोध लागतो. रेखाटनकाराला मात्र एक बाजू धरावी लागते, आणि त्याबरोबर गुपित ठेवायचे की सांगायचे हेही ठरवावे लागते.

मायकेलअँजेलोची भेटचित्रे

मायकेलअँजेलो १५३२ मध्ये तोम्माझो दे काव्हालिएरी या तरुण रोमन सरदाराच्या परिचयात आला. त्याला भेट देण्यासाठी त्याने अत्यंत काळजीपूर्वक पूर्ण केलेली काही रेखाटने पाठवली. ती खडूतील असून कोठल्याही चित्राची पूर्वतयारी म्हणून केलेली नाहीत. गॅनिमीड, टिटियस, फेथॉनचे पतन आणि बालकांचा मद्योत्सव हे त्यांचे विषय. मूळ गॅनिमीड हरवले असून ते प्रतींवरून ज्ञात आहे. टिटियस ब्रिटिश राजसंग्रहात विंडसर येथे आहे.

ही प्रत्यक्ष एखाद्या मूर्तीची रेखाटने नव्हेत, तरी त्यांचे मूळ प्राचीन शिल्पांत आहे. फेथॉनच्या रचनेमागे त्या काळी रोममध्ये असलेली आणि आता फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात असलेली रोमन शवपेटी असल्याचे अभ्यासक मानतात. सूर्यरथ हाकण्याचा हट्ट धरणारा फेथॉन, त्याला विजेने पाडणारा गरुडारूढ झ्यूस आणि खाली शोकाने वृक्ष होत चाललेल्या बहिणी अशी तीन पातळ्यांची ही मांडणी आहे. तिच्या तीन आवृत्त्या उपलब्ध असून ब्रिटिश म्युझियममधील आवृत्तीवर तोम्माझोसाठी मजकूर लिहिलेला आहे.

गॅनिमीड आणि टिटियस ही जोडी विशेष बोलकी आहे. पहिल्यात गरुडरूपी झ्यूस आपल्याला आवडलेल्या ट्रोजन कुमाराला उचलून नेतो. दुसऱ्यात अपोलोची माता लेटो हिच्यावर हात टाकणारा दैत्य टिटियस पाताळात खडकाला बांधलेला असून पक्षी त्याचे यकृत खात आहे. प्राचीनांच्या समजुतीप्रमाणे यकृत हे वासनेचे स्थान. दोन्हींत पुरुषाचे उघडे शरीर आणि त्यावर झेपावलेला महाकाय पक्षी आहे. सर्वशक्तिमान देवाने केलेले हरण गौरवाचे ठरते. दैत्याने केलेला तसलाच प्रयत्न अनंत शिक्षेस पात्र होतो. पाठवणारा सत्तावन्न वर्षांचा विख्यात कलावंत होता आणि स्वीकारणारा एक तरुण. यातील गरुड कोण आणि बांधलेला कोण, याचा निर्णय रेखाटने देत नाहीत. टिटियसच्या कागदामागे मायकेलअँजेलोने त्याच आकृतीची बाह्यरेषा उमटवून तिचे थडग्यातून उठणाऱ्या ख्रिस्तात रूपांतर केले आहे.

खाजगी भेट फार काळ खाजगी राहिली नाही. पोपने आणि कार्डिनल इप्पोलितो दे मेदिची याने ही रेखाटने पाहिली. कार्डिनलने ती स्फटिकात कोरून घेण्याचा आग्रह धरला आणि जोव्हान्नी बेर्नार्दी याने ते काम केले.

पौराणिक नावाचे आवरण कसे उपयोगी पडे, हे त्याच दशकांतील दुसऱ्या एका प्रकरणातून दिसते. १५२४ मध्ये ज्यूलिओ रोमानोच्या रेखाटनांवरून मार्कान्तोनियो राइमोन्दी याने स्त्रीपुरुषांच्या समागमाची मुद्राचित्रे छापली, तेव्हा त्याला पोप सातव्या क्लेमेंटच्या आज्ञेने तुरुंगात जावे लागले. तीन वर्षांनी याकोपो काराल्यो याने ‘देवांच्या प्रेमक्रीडा’ ही मालिका काढली. आशय फारसा वेगळा नव्हता. पात्रांना देवांची नावे होती.

गोल्त्सियस: पाठमोरा हर्क्युलिस

हेन्द्रिक गोल्त्सियस (१५५८–१६१७) हा हार्लेमचा मुद्राचित्रकार १५९० मध्ये इटलीला गेला आणि पुढील वर्षी परतला. बालपणी विस्तवात पडल्याने त्याचा उजवा हात विद्रूप झाला होता. त्याच हाताने तो यूरोपातील सर्वांत सफाईदार रेषा काढी. कारेल फान मांडर या चरित्रकाराने तो प्रवासात खरी ओळख लपवीत असे, असे लिहिले आहे. रोममधील वास्तव्यात त्याने प्राचीन शिल्पांची अनेक रेखाटने केली. त्यांपैकी बहुसंख्य हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहेत. ती पूर्वी स्वीडनची राणी क्रिस्टीना हिच्या मालकीच्या संग्रहातून आलेली असून संग्रहालयाने १७९० मध्ये खरेदी केली.

या रेखाटनांवरून त्याने तीनच मुद्राचित्रे तयार केली आणि ती त्याच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ‘फार्नेझे हर्क्युलिस’ सर्वांत प्रसिद्ध आहे. मूळ शिल्प १५४६ मध्ये रोममधील काराकाल्लाच्या स्नानगृहांत सापडले. त्यावर अथेन्सच्या ग्लिकॉनची सही आहे. ते पोप तिसरा पॉल याच्या फार्नेझे घराण्याकडे गेले आणि आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सोट्यावर रेलून विसावलेला, सुमारे तीन मीटर उंचीचा हा वीर श्रमाने थकलेला दिसतो. हर्क्युलिसची बारा कृत्ये पराक्रम म्हणून सांगितली जातात. वस्तुतः वेडाच्या भरात पोटच्या मुलांना मारल्याबद्दल त्याला एका दुबळ्या राजाची केलेली ती चाकरी होती.

बहुतेकांनी हा पुतळा समोरून काढला. गोल्त्सियस मागे गेला. मुद्राचित्रात हर्क्युलिसची प्रचंड पाठ दिसते आणि पाठीशी धरलेल्या उजव्या हातात हेस्परिडीझच्या बागेतील सफरचंदे दिसतात. समोरून पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दोन माणसे मान वर करून पुतळ्याकडे पाहत आहेत. त्यांना चेहरा दिसतो, आपल्याला दिसत नाही. आपल्याला पराक्रमाचे फळ दिसते, त्यांना दिसत नाही. बलाची मूर्ती पाहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर काय उमटते, हा या चित्राचा निम्मा विषय आहे. बलाच्या दर्शनाने माणूस किती लहान होतो हे सांगण्यासाठी गोल्त्सियसला यापेक्षा अधिक काही काढावे लागले नाही.

रूबेन्स: दगड आणि मांस

पीटर पॉल रूबेन्स (१५७७–१६४०) १६०० ते १६०८ या काळात इटलीत होता. रोममध्ये त्याने लाओकोऑन पुनःपुन्हा रेखाटला. मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात त्याच्या नावे असलेल्या रेखाटनांत शिल्प मागच्या बाजूनेही काढलेले आहे. शिल्पांच्या अनुकरणावर त्याने लॅटिनमध्ये एक टिपण लिहिले होते. ते रोजे द पील याने १७०८ मध्ये प्रसिद्ध केले. प्राचीन शिल्पांचा अभ्यास आवश्यक आहे, पण चित्रात दगडाचा वास येता कामा नये, असा त्याचा आशय आहे. संगमरवरावरील सावली कठीण आणि काळी पडते, तर जिवंत त्वचा प्रकाश आत घेते व तिला घड्या पडतात, हा फरक रूबेन्स तेथे मांडतो. त्याची रेखाटने पाहता तो हा नियम रेखाटन करतानाच पाळत होता असे दिसते. काळ्या खडूच्या मऊ छटांनी त्याने दगडाच्या कडा घालवल्या आहेत आणि लाओकोऑनची छाती श्वास घेत असल्याचा भास होतो.

कामना आणि सत्ता यांच्या दृष्टीने त्याची सेंटॉरवरील रेखाटने अधिक महत्त्वाची आहेत. बोर्गेझे संग्रहातील आणि १८०७ मध्ये नेपोलियनने खरेदी केल्यामुळे आता लूव्ह्रमध्ये असलेल्या या शिल्पात अर्धा अश्व व अर्धा मानव असा वयस्क सेंटॉर आहे. त्याचे हात पाठीमागे बांधलेले असून पाठीवर चिमुकला प्रेमदेव क्यूपिड बसला आहे. बळ सेंटॉरकडे आणि लगाम बाळाकडे, ही त्यातील गंमत. पण सेंटॉरच्या चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नाही. तो मान वळवून वर पाहतो. रूबेन्सने हे शिल्प वेगवेगळ्या बाजूंनी रेखाटले. कलोन येथील रेखाटन त्यांपैकी एक.

पुढे १६१२ च्या सुमारास रूबेन्सने ‘एक्के होमो’ हे चित्र रंगवले. त्यात काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताला लोकांपुढे उभे केले आहे. हे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाझ संग्रहालयात आहे. ख्रिस्ताची पुढे आलेली छाती आणि मागे बांधलेले हात त्या सेंटॉरवरून घेतलेले आहेत. वासनेने जखडलेला पशुमानव हा रोमन सत्तेने जखडलेल्या देवपुत्राचा नमुना झाला. मायकेलअँजेलोने कागद उलटून जे केले तेच येथे घडते. चित्रकाराच्या दृष्टीने बांधलेल्या शरीराची भाषा एकच होती, आणि धर्माने तिला दिलेली दोन नावे या भाषेच्या आड आली नाहीत.

कागदी संग्रहालय

सतराव्या शतकात रेखाटनांचा आणखी एक उपयोग पुढे आला. रोममधील विद्वान कास्सियानो दाल पोत्सो (१५८८–१६५७) याने प्राचीन अवशेषांची हजारो रेखाटने तरुण चित्रकारांकडून करवून घेतली आणि विषयवार लावली. या संग्रहास ‘कागदी संग्रहालय’ म्हणतात. त्याचा मोठा भाग १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला. येथे चित्रकाराने आपली आवड दूर ठेवून जे आहे तेच नोंदवावे, अशी अपेक्षा होती. तुटलेले नाक तुटलेलेच राहते. शवपेट्यांवरील प्रॉसर्पिनाचे हरण, मेलेएजरची शिकार, एंडिमियनची निद्रा यांसारखे विषय एकापुढे एक ठेवल्यावर लक्षात येते की रोमन लोकांनी मृत्यूच्या पेट्यांवर अपहरणाच्या आणि अभिलाषेच्या कथा कोरल्या होत्या. मरण म्हणजे देवाने उचलून नेणे, असा त्यामागील अर्थ लावला जातो.

‘हरण’ या शब्दाविषयी येथे एक नोंद आवश्यक आहे. यूरोपीय भाषांतील या शिल्पांची रूढ नावे बळाने उचलून नेणे या अर्थाच्या ‘राप्तुस’ या लॅटिन शब्दावरून आली आहेत. इंग्रजी नावांत त्याला आज बलात्काराचा थेट अर्थ आहे. मराठीत ‘हरण’ म्हटले की सीताहरण आणि रुक्मिणीहरण दोन्ही आठवतात; एकात स्त्रीची संमती नाही, दुसऱ्यात तिनेच निरोप धाडलेला आहे. प्रॉसर्पिना किंवा डाफ्नी यांच्या संदर्भात हा शब्द वापरताना ही संदिग्धता ध्यानात ठेवावी लागते.

प्लास्टरच्या प्रतिकृती आणि रेखाटनाचा अधिकार

फ्रान्समध्ये १६४८ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १७६८ मध्ये राजाश्रयाखाली कला अकादमी स्थापन झाल्या. प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती तेथे आणल्या गेल्या. विद्यार्थ्याने प्रथम या प्रतिकृतींवरून हात बसवावा आणि मगच जिवंत मॉडेलसमोर बसावे, असा क्रम ठरला. यानंतर देव, दैत्य, बळी हे सारे पांढऱ्या प्लास्टरमध्ये एकाच खोलीत, एकाच उत्तरेकडील प्रकाशात उभे राहिले. कथा मागे पडून स्नायू आणि छाया एवढेच अभ्यासाचे विषय उरले.

सत्तेचा प्रश्न मात्र खोलीच्या दारापाशी उभा होता. लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. योहान त्सोफानी याने १७७१–७२ मध्ये रंगवलेल्या समूहचित्रात पुरुष सदस्य नग्न मॉडेलभोवती जमलेले आहेत. या दोघी तेथे नाहीत. त्यांची व्यक्तिचित्रे तेवढी भिंतीवर टांगलेली दिसतात. काउफमानने काही वर्षांनी अकादमीच्या छतासाठी चार रूपकचित्रे रंगवली. त्यांतील ‘रेखाटन’ या चित्रात एक स्त्री बसून बेल्व्हेदेरे धडाची आकृती काढीत आहे. हे धड म्हणजे हातपाय व मस्तक नसलेले बलदंड पुरुषशरीर. त्यावर अथेन्सच्या अपोलोनियसची सही आहे. त्याला दीर्घकाळ हर्क्युलिस मानले जात असे. आत्महत्येचा विचार करणारा ॲजॅक्स असावा, असे मत आता मांडले जाते. जिवंत पुरुषाकडे पाहण्याची मनाई असलेल्या स्त्रीने दगडाच्या पुरुषाकडे निःसंकोच पाहावे, एवढी वाट प्राचीन शिल्पांनी मोकळी ठेवली होती. काउफमानने ती छतावर, सर्वांच्या डोक्यावर रंगवून ठेवली.

अकादमीच्या शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळण्यास १८६० साल उजाडले. लॉरा हरफोर्ड हिने नावाची केवळ आद्याक्षरे घालून रेखाटने पाठवली आणि ती पुरुषाची समजून स्वीकारली गेली. त्यानंतरही जिवंत मॉडेलवरून, तेही अंशतः वस्त्रावृत, अभ्यास करण्याची मुभा स्त्रियांना १८९३ मध्ये मिळाली.

विसाव्या शतकात प्लास्टरची सक्ती ओसरली. अनेक ठिकाणच्या प्रतिकृती मोडीतही निघाल्या. तरी पाब्लो पिकासोचे प्रारंभीचे शिक्षण याच पद्धतीने झाले होते, आणि १९३० च्या दशकातील त्याच्या व्होलार मालिकेतील शंभर मुद्राचित्रांत शिल्पकार, त्याची मॉडेल व मिनोटॉर ही पात्रे वारंवार येतात. तेथे पाहणारा पुरुष कधी शांत शिल्पकार असतो आणि कधी झोपलेल्या स्त्रीवर वाकलेला बैलमुखी पशू. प्राचीन शिल्पाचे रेखाटन करणाऱ्याचीच ही दोन रूपे आहेत, असा अर्थ त्यातून निघतो.

मुंबईतील परंपरा

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मार्च १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ही पद्धत इंग्लंडमधून आली. ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून छायाप्रकाशासह रेखाटन करणे हा अभ्यासक्रमाचा भाग होता आणि त्यास ‘अँटिक’ असे म्हणत. ज्या कथा ठाऊक नाहीत, ज्या देवांशी संबंध नाही, त्यांच्या मूर्तींवरून शरीररचना शिकण्याची ही रीत वासाहतिक सत्तेनेच आणली होती. त्याच संस्थेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीही करवून घेतल्या. त्यामुळे एकाच पिढीच्या हाताखालून अपोलो आणि अजिंठ्यातील बोधिसत्त्व दोन्ही गेले.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे १८९० मध्ये या संस्थेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन संस्थेतील शिक्षणाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. जिवंत नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग तेथे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ नंतर, सुरू झाला. तोपर्यंत मानवी शरीर उघडेपणाने पाहण्याची जागा प्लास्टरच्या देवतांचीच होती.

या शिक्षणाचे सर्वांत परिचित फळ म्हणजे गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये घडवलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प. पूजेला निघालेल्या मराठी तरुणीच्या नऊवारीच्या चुण्या ग्रीक मूर्तींच्या वस्त्रांसारख्या अंगाला लगटून उतरतात. ती मात्र कोणाच्या अभिलाषेपासून पळत नाही आणि झोपलेलीही नाही. आपल्या वाटेने चालली आहे.